शेजारच्या खोलीतला संगणक सापडत नाही तेव्हा

एकाच घरातल्या दोन संगणकांना एकमेकांच्या फाइली वापरायला इंटरनेट लागत नाही. दोन्ही एकाच वायफाय राउटरला जोडलेले असले आणि एकावरचे फोल्डर 'शेअर' केलेले असले, की दुसऱ्यावरून ते स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखे उघडते. लग्नाचे हजारभर फोटो बैठकीतल्या लॅपटॉपवरून आतल्या खोलीतल्या संगणकावर न्यायचे असोत, घरूनच काम करणाऱ्या करसल्लागाराला हिशेबाच्या फाइली एका जागी ठेवून दोन यंत्रांवरून वापरायच्या असोत, की संगणकातला चित्रपट टीव्हीवर लावायचा असो, या सोयीमुळे पेनड्राइव्हच्या खेपा वाचतात. मग एखाद्या दिवशी, कुणी मुद्दाम काही बदललेले नसताना, फोल्डर उघडेनासे होते. पडद्यावर येते ते 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड', किंवा 'ॲक्सेस डिनाइड', किंवा नुसता एक आकडा: ०एक्स८००७००३५.

अशा वेळी हाती लागेल तो उपाय करून पाहिला जातो. फायरवॉल बंद केली जाते, पासवर्ड काढून टाकला जातो, फोल्डर सर्वांना खुले केले जाते. कधीकधी त्यातून फोल्डर उघडतेही. पण कशामुळे उघडले ते कळत नाही आणि काढलेली कुलपे पुन्हा कुणी लावत नाही. खरे तर ही जोडणी ठरलेल्या क्रमाने पायऱ्या चढत जाते. दोन्ही यंत्रे एका जाळ्यात असावी लागतात. एकाला दुसऱ्याचा पत्ता मिळावा लागतो. दुसऱ्याच्या फायरवॉलने हाक आत येऊ द्यावी लागते. दोघांना संवादाची एकच भाषा यावी लागते. मागणाऱ्याची ओळख पटावी लागते, आणि ओळख पटलेल्याला त्या फोल्डरची परवानगी असावी लागते. खालची पायरी निसटलेली असेल तर वरच्या पायरीवर केलेली डागडुजी वाया जाते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून तपास खालून वर करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

तपास सुरू करण्याआधी पडद्यावरचा आकडा लिहून घ्यावा. तो दिसतो तितका गूढ नाही. विंडोजच्या अशा आकड्यात सुरुवातीचे ८००७ हे फक्त कुळाचे नाव असते; अर्थ शेवटच्या आकड्यांत असतो आणि तो सोळाच्या पाढ्याने मोजलेला असतो. ३५ म्हणजे तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि वर पाच, म्हणजे ५३. त्रेपन्न हा 'नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही' याचा जुना क्रमांक आहे. दुसरे यंत्र जाळ्यात नाही, त्याचे नाव पत्त्यात बदलता येत नाही, किंवा त्याची फायरवॉल हाक गिळून टाकते, या तिन्ही वेळी हाच आकडा दिसतो. ०एक्स८००७००४३ म्हणजे ६७: यंत्र सापडले, पण त्या नावाचे शेअर केलेले फोल्डर तिथे नाही, बहुधा नाव चुकलेले असते किंवा शेअर काढून टाकलेले असते. ८६ आणि १३२६ हे नाव किंवा पासवर्ड न जुळल्याचे क्रमांक. ०एक्स८००७०००५, म्हणजे साधा ५, हा ओळख पटली तरी परवानगी नसल्याचा. आकडा ५ असेल तर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही, आणि ५३ असेल तर पासवर्ड बदलून काही साधणार नाही. एवढे कळले तरी अर्धा वेळ वाचतो.

पहिली पायरी जाळ्याची. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की 'आयपीव्ही४' या ओळीसमोर त्या यंत्राचा पत्ता दिसतो. तो दोन्ही यंत्रांवर पाहावा. घरातले पत्ते बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतात. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, त्यांतला हा एक. म्हणूनच पुण्यातल्या एका घरातल्या लॅपटॉपचा आणि लातूरमधल्या दुसऱ्या घरातल्या संगणकाचा पत्ता अगदी एकच असू शकतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. 'सबनेट मास्क' या ओळीवर २५५.२५५.२५५.० असेल, तर दोन्ही यंत्रांच्या पत्त्यांतले पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा असायला हवा. एकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही; त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. तिथे आधी वायफाय किंवा केबल दुरुस्त करायची, फोल्डरचा विचार नंतर.

पहिले तीन आकडे जुळत नसतील, एक १९२.१६८.१ चा आणि दुसरा १९२.१६८.० चा असेल, तर घरात बहुधा एकाऐवजी दोन जाळी आहेत. फायबर इंटरनेट आल्यापासून ही अडचण फार आढळते. जोडणी देणारी कंपनी भिंतीवर जो डबा बसवते तो स्वतःच राउटर असतो आणि वायफायही देतो. त्याचा पल्ला आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून कुणीतरी बाजारातून आणखी एक राउटर आणतो आणि पहिल्यातून आलेली केबल नव्याच्या 'वॅन' लिहिलेल्या खोबणीत लावतो. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते, त्यामुळे काही चुकले आहे अशी शंका येत नाही. पण नवा राउटर आपल्या मागे स्वतंत्र जाळे उभे करतो आणि स्वतःचे पत्ते वाटू लागतो. एकाच घरात दोन चुली मांडल्या जातात. याची एक खूण फार बोलकी असते: नव्या राउटरवरच्या यंत्रावरून जुन्यावरचे यंत्र, पत्ता टंकला तर, उघडते, उलट दिशेने मात्र काही केल्या उघडत नाही. आतल्याला बाहेर जाता येते, बाहेरच्याला आत येता येत नाही. जोडणी अशी एकाच दिशेने चालत असेल, तर बाकी सगळे सोडून आधी राउटर मोजावेत.

यावरचा इलाज सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या मांडणीत 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल, तर त्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे 'डीएचसीपी', बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या पट्ट्यातला पण वेगळा ठेवावा, आणि केबल 'वॅन'ऐवजी 'लॅन'च्या खोबणीत लावावी. मग दोन्ही डबे मिळून एकच जाळे देतात.

आकडे जुळूनही यंत्रे एकमेकांना दिसत नसतील, तर 'गेस्ट वायफाय' तपासावे. पाहुण्यांसाठीचे हे वेगळे नाव राउटर मुद्दामच असे ठेवतो की त्यावरच्या यंत्राला इंटरनेट मिळावे, पण घरातली इतर यंत्रे दिसू नयेत. काही राउटरांवर हीच भिंत मुख्य वायफायवरही घालता येते आणि तिला 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' म्हणतात. ती चालू राहिली असेल तर वायफायवरची यंत्रे राउटरशी बोलतात, आपसांत नाही. कचेरीच्या लॅपटॉपचे प्रकरण आणखी वेगळे. त्यावर कचेरीचे 'व्हीपीएन' चालू असताना सगळी वाहतूक कचेरीच्या दिशेने वळवलेली असू शकते, आणि बऱ्याच कचेऱ्या आपल्या लॅपटॉपवर घरगुती शेअरिंगच बंद ठेवतात. ते बंधन कचेरीच्या माहितीच्या संरक्षणासाठी असते. घरी बसून ते मोडण्याचा प्रयत्न करू नये.

दुसरी पायरी नावाची आणि पत्त्याची. विंडोजमधल्या फाइलींच्या खिडकीत डावीकडे 'नेटवर्क' असे लिहिलेले असते, त्यावर टिचकी मारली की घरातली यंत्रे दिसावीत अशी अपेक्षा असते. ती यादी रिकामी दिसली की जोडणीच तुटली असे समजले जाते. पण ही यादी म्हणजे फक्त हजेरीपट आहे. एखाद्याने हजेरी लावली नाही म्हणून तो घरात नाही असे होत नाही. खरी परीक्षा म्हणजे खिडकीच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांपुढे दुसऱ्या यंत्राचा पत्ता टंकून एंटर दाबणे: \\१९२.१६८.१.१० असा. आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टंकायचे. फोल्डर दिसले तर जाळे, फायरवॉल, भाषा, ओळख सगळे ठीक आहे आणि बिघाड केवळ हजेरीपटात आहे.

हजेरीपट रिकामा राहण्यामागे थोडा इतिहास आहे. पूर्वी ही यादी एका जुन्या यंत्रणेवर चाले आणि ती यंत्रणा फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या भाषेवर अवलंबून होती. ती भाषा मागे पडली तशी यादीही गेली. २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेली 'होमग्रुप' ही घरगुती सोयही विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका आवृत्तीत काढून टाकण्यात आली.  आता यंत्रे वेगळ्या पद्धतीने स्वतःची वर्दी देतात आणि त्यासाठी विंडोजमधल्या दोन सेवा चालू असाव्या लागतात. ज्याने दिसायचे त्या यंत्रावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' आणि ज्याने पाहायचे त्याच्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट'. 'सर्व्हिसेस'च्या यादीत जाऊन दोन्ही 'ऑटोमॅटिक' केल्या की बहुतेक वेळा यादी भरते. भरली नाही तरी फार बिघडत नाही. वारंवार लागणाऱ्या फोल्डरला 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' वापरून एक अक्षर देऊन ठेवले की यादीकडे पाहावेच लागत नाही.

पत्त्याने उघडते पण नावाने उघडत नाही, असेही होते. संगणकाचे नाव पंधरा अक्षरांच्या आत आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रापेक्षा वेगळे असावे. उलट प्रकारही आहे: काल चालणारा पत्ता आज चालत नाही. राउटर पत्ते मुदतीने वाटतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, यंत्रे वेगळ्या क्रमाने जागी झाली, की काल दहा क्रमांकावर असलेला संगणक आज चौदावर असू शकतो. ज्या यंत्रावर फोल्डरे ठेवली आहेत त्याच्यासाठी राउटरच्या मांडणीत 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून ठेवणे हा पक्का उपाय. राउटर मग त्या यंत्राला प्रत्येक वेळी तोच पत्ता देतो. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी तासभर खटपट झाल्यावर लक्षात येते: फोल्डर असलेला संगणक झोपलेला असेल तर तो उत्तर देत नाही. त्याच्या 'पॉवर'च्या मांडणीत 'स्लीप' बंद करावे किंवा बराच उशिरा ठेवावे. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही हेही पाहावे.

तिसरी पायरी फायरवॉलची. विंडोज प्रत्येक जाळ्याला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारते. पब्लिक म्हणजे एसटी स्टँड, हॉटेल, विमानतळ यांच्यासारखी अनोळखी जागा. तिथे यंत्र स्वतःला लपवते आणि बाहेरून आलेली हाक नाकारते. प्रायव्हेट म्हणजे घर. नवा राउटर आणला किंवा वायफायचे नाव बदलले, की विंडोजच्या दृष्टीने ते अनोळखी जाळे असते आणि त्यावर बहुधा पब्लिकचाच शिक्का बसतो. 'कुणी काही बदलले नव्हते' या तक्रारीमागे सर्वाधिक वेळा हेच निघते. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तिथे चालू वायफायचे 'प्रॉपर्टीज', आणि तिथे 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडायचे. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटच्या खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन्ही चालू करायचे. हे दोन्ही यंत्रांवर करावे.

फायरवॉल अडवते आहे का हे ओळखायला अनेक जण 'पिंग' ही दुसऱ्या यंत्राला साद घालून उत्तर मागणारी आज्ञा वापरतात. पिंगला उत्तर आले तर रस्ता आहे एवढे नक्की. मात्र उत्तर न आल्याने काही सिद्ध होत नाही, कारण फायरवॉल पिंगला गप्प बसवून फाइलींना वाट देऊ शकते. अधिक भरवशाची परीक्षा 'पॉवरशेल'मध्ये आहे. फाइलींची ही देवाणघेवाण ४४५ क्रमांकाच्या दारातून होते. 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा दुसऱ्या यंत्राचा पत्ता आणि ४४५ हा पोर्ट क्रमांक देऊन चालवली की शेवटच्या ओळीत 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येते. ट्रू आले की खालच्या तिन्ही पायऱ्या पक्क्या झाल्या आणि तिकडे पुन्हा फिरकायचे कारण नाही. फॉल्स आले तर विंडोजच्या फायरवॉलबरोबर विकत घेतलेल्या अँटीव्हायरसकडेही पाहावे. त्यांतल्या कित्येकांची स्वतःची फायरवॉल असते आणि तिला घराचे जाळे विश्वासाचे आहे हे वेगळे सांगावे लागते. फायरवॉल बंद करून पाहायचीच असेल तर दोन मिनिटांसाठी, आणि फरक पडला की लगेच चालू करून योग्य तो नियम जोडायचा. राउटरवरून हे ४४५ चे दार इंटरनेटच्या दिशेने उघडायचा सल्ला कुणी दिला, तर तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये.

हा इशारा एवढ्या ठामपणे देण्याचे कारण चौथ्या पायरीत, संवादाच्या भाषेत आहे. या भाषेचे नाव 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', थोडक्यात एसएमबी. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिची रचना केली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये वाढवली. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तीच भाषा बोलणारा मुक्त प्रोग्राम लिहिला. त्याच्या नावासाठी त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शब्दसंग्रहात शोधले आणि 'सांबा' हे नाव मिळाले. आज लिनक्सवरचे शेअरिंग आणि राउटरला जोडून जाळ्यावरून वापरायच्या घरगुती साठवणपेट्यांपैकी पुष्कळशा सांबावरच चालतात. भाषेच्या आवृत्त्याही बदलत गेल्या: दुसरी विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर.

पहिली आवृत्ती मात्र जुन्या काळातली, विश्वासू शेजार गृहीत धरून बनलेली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तो विंडोजमधल्या याच पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून. फाइलींना कुलूप घालून तो पैसे मागत असे. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेची रुग्णालये त्यात अडकली, डॉक्टरांच्या भेटी रद्द झाल्या. हे भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिली होती. ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. त्याच वर्षी शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या यंत्रांवरून पहिली एसएमबी काढून टाकली जाऊ लागली.

त्याचा परिणाम घराघरांत असा दिसतो: राउटरच्या मागच्या यूएसबी खोबणीत लावलेली हार्डडिस्क, दहा-बारा वर्षांपूर्वीची साठवणपेटी किंवा जुना मीडिया प्लेअर नव्या लॅपटॉपवर उघडत नाही, आणि हे शेअर असुरक्षित असून त्याला कालबाह्य एसएमबी१ लागते असा संदेश येतो. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन एसएमबी१ पुन्हा चालू करणे हा त्यावरचा सर्वांत प्रचलित सल्ला आहे. तो चालतो, म्हणूनच पसरतो. पण तो रोगापेक्षा भयंकर इलाज आहे. एका जुन्या डब्यासाठी घरातल्या चांगल्या संगणकाला ज्ञात धोक्यापुढे उभे केले जाते. त्याऐवजी जुन्या उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करून त्याच्या मांडणीत एसएमबी२ किंवा ३ चा पर्याय येतो का पाहावे. येत नसेल तर ती हार्डडिस्क राउटरवरून काढून थेट संगणकाला लावावी आणि तिथून शेअर करावी. उपकरणातली डिस्क निघण्यासारखी नसेल, तर त्याच्याशी बोलण्यापुरती, म्हणजे फक्त 'क्लायंट' असे लिहिलेली एसएमबी१ चालू करून सगळी माहिती एकदाच बाहेर काढावी, मग एसएमबी१ पुन्हा बंद करावी आणि त्या उपकरणाला निरोप द्यावा.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक कडक नियम आणला. प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत प्रत्येक संदेशावर सही असणे आता सक्तीचे आहे. पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत येणाऱ्याला अशी सही करताच येत नाही, त्यामुळे विनापासवर्ड चालणारी साठवणपेटी अशा लॅपटॉपवर अद्ययावतीकरणानंतर उघडेनाशी होते. इथे नियम सैल करण्याची गरज नसते. पेटीवर नाव आणि पासवर्ड असलेले खाते तयार केले आणि ती सही करू शकते हे तिच्या मांडणीत पाहून घेतले की काम होते.

पाचवी पायरी ओळखीची, आणि सर्वाधिक वैताग इथेच होतो. चौकटीत नाव आणि पासवर्ड मागितला जातो; तो ज्या यंत्रावर फोल्डर आहे त्या यंत्रावरच्या खात्याचा हवा असतो. आपण बसलो आहोत त्या यंत्राचा नाही. चार आकड्यांचा पिन इथे चालत नाही, कारण पिन फक्त त्याच यंत्रासमोर बसून वापरायचा असतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा यांचेही तसेच. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या खात्याचा पासवर्ड लागतो, जो वर्षानुवर्षे पिन वापरल्यामुळे अनेकांच्या लक्षातच नसतो. काही घरांत संगणकाला पासवर्डच नसतो. विंडोज अशा रिकाम्या पासवर्डच्या खात्याला यंत्रासमोर बसून आत घेते, जाळ्यावरून घेत नाही; म्हणून रिकामी चौकट कितीही वेळा पाठवली तरी नकारच येतो. पासवर्ड टंकताना कळफलक मराठीवर राहिला असेल तरी तो चुकतो, आणि अक्षरांच्या जागी ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा स्वच्छ मार्ग म्हणजे फोल्डर असलेल्या यंत्रावर एक वेगळे स्थानिक खाते उघडणे. त्याला साधे नाव आणि खरा पासवर्ड द्यायचा, आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांवरून शेअरिंगसाठी तेच वापरायचे. चौकटीत नाव टंकताना आधी त्या संगणकाचे नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग खात्याचे नाव लिहिले की कोणत्या यंत्रावरचे खाते याविषयी गोंधळ राहत नाही. त्याऐवजी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून टाकण्याचा सोपा रस्ता सुचवला जातो. ज्या वायफायचा पासवर्ड शेजारच्यांना, पाहुण्यांना आणि मुलांच्या मित्रांना माहीत आहे, त्यावर हिशेबाची आणि आधार-पॅनच्या प्रतींची फोल्डरे अशी उघडी ठेवणे योग्य नाही.

पासवर्ड बदलल्यानंतर आणखी एक अडथळा येतो. विंडोज जुना पासवर्ड लक्षात ठेवून तोच न विचारता पाठवत राहते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये त्या यंत्राच्या नावाची जुनी नोंद काढून टाकली की चौकट पुन्हा येते. १२१९ हा आकडा दिसला तर त्या यंत्राशी एका नावाने आधीच जोडणी चालू आहे आणि दुसऱ्या नावाने दुसरी मागितली जात आहे, असा त्याचा अर्थ. विंडोज हे चालू देत नाही. 'नेट यूज' या आज्ञेने चालू जोडण्या दिसतात, त्यांतली जुनी तोडली किंवा एकदा साइन आउट केले की मोकळे होते.

शेवटची पायरी परवानगीची. विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरवर दोन पहारे असतात. एक 'शेअर परमिशन', सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा. तो जाळ्यावरून येणाऱ्यालाच अडवतो. दुसरा 'सिक्युरिटी' या पानावरचा, सदनिकेच्या दाराच्या कुलपासारखा. तो कोणत्याही वाटेने आलेल्याला लागू असतो. दोघांपैकी जो कडक, त्याचे चालते. शेअरिंगमध्ये सगळ्यांना पूर्ण मुभा दिली तरी सिक्युरिटीच्या पानावर त्या खात्याचे नाव नसेल तर 'ॲक्सेस डिनाइड' येतेच. फाइल उघडते पण साठवता येत नाही, तेव्हा दोनपैकी एका जागी केवळ 'रीड' दिलेले असते. एकाच फोल्डरमधल्या काही फाइली उघडतात आणि काही नाही, असेही घडते. एकाच ड्राइव्हवर फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तर ती आपल्या जुन्या परवानग्या घेऊन येते. नक्कल केली तर नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून शेअरिंगसाठी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर करावे, त्याला दोन्ही पानांवर वर सांगितलेल्या स्थानिक खात्याची परवानगी द्यावी आणि फाइली त्यात नक्कल करून ठेवाव्यात. संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा स्वतःचे सगळे 'यूजर्स' फोल्डर शेअर करू नये.

घरात मॅक असेल तर पायऱ्या याच, जागा वेगळ्या. ॲपलनेही २०१३ पासून एसएमबीलाच पहिली पसंती दिली आहे. मॅकच्या 'शेअरिंग'मध्ये 'फाइल शेअरिंग' चालू केल्यावर त्याच्या पर्यायांत जाऊन विंडोजसाठी त्या खात्यासमोर वेगळी खूण करावी लागते. ती राहून गेली की मॅक दिसतो, पण पासवर्ड स्वीकारत नाही. फोनवर आणि टीव्हीवर 'व्हीएलसी'सारखी ॲप एसएमबी जाणतात, आणि तिथेही यादीवर विसंबण्यापेक्षा पत्ता, खाते आणि पासवर्ड हाताने भरणे खात्रीचे.

जोडणी होते पण मोठी फाइल नेताना मध्येच तुटते, अशी तक्रार असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. राउटरपासून दूरच्या खोलीत कमकुवत वायफायवर दहा जीबीची फाइल निम्म्यात सुटणे स्वाभाविक आहे. दोन्हीपैकी एक यंत्र केबलने राउटरला जोडले तरी मोठा फरक पडतो. संगणक सुरू होताच 'सर्व नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असा संदेश येणे ही मात्र वेगळी आणि किरकोळ बाब आहे. वायफाय जुळण्याआधीच विंडोजने ड्राइव्ह जोडायचा प्रयत्न केलेला असतो. मिनिटभराने ड्राइव्हवर टिचकी मारली की तो उघडतो.

दुरुस्ती झाली की नाही हे फोल्डर नुसते उघडून ठरवू नये. दुसऱ्या यंत्रावरून त्यात एक छोटी फाइल तयार करावी, तिच्यात दोन शब्द लिहून साठवावे, ती पहिल्या यंत्रावर दिसते का पाहावे आणि मग पुसावी. त्यानंतर दोन्ही यंत्रे आणि राउटर एकदा बंद-चालू करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पत्ता आणि सेवा यांतले दोष पुन्हा सुरू केल्यावरच उघड होतात. तपासाच्या ओघात फायरवॉल, अँटीव्हायरस किंवा पासवर्ड-संरक्षण यांतले काही तात्पुरते बंद केले असेल तर ते चालू करून चाचणी तिसऱ्यांदा घ्यावी, आणि फोल्डर असलेल्या यंत्राचा राखून ठेवलेला पत्ता व शेअरिंगच्या खात्याचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवावे.